पत्रास कारण की, कार्यक्रम आवडला

चार मराठी माणसे एकत्र आली की नाटक कंपनी काढतात, असे म्हणण्याची पद्धत आहे. महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यासारख्यांचा अनुभव थोडा वेगळा आहे. इथे चार जण जमले की आधी बदल्यांचा विषय निघतो, मग गावाकडच्या पावसाचा, आणि तिसरा विषय हमखास "तो सिनेमा पाहिलात का?" किंवा "त्या मालिकेचे काय चालवले आहे, बघवत नाही" हा असतो. आरतीनंतर प्रसाद हातात घेऊन उभ्या उभ्या होणाऱ्या या चर्चेत कोणी समीक्षक नसतो. मत कोणी मागितलेले नसते. तरी देणारा ते ठासून देतो आणि ऐकणारा मनावर घेतो.

यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे असे कार्यकारिणीने सुचवले, तेव्हा राजे आणि लढाया जाणकारांवर सोपवून या साध्या मताचाच इतिहास मांडावा असे ठरवले. सिनेमा आणि टीव्हीचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत, पण ते बहुधा करणाऱ्यांचे आहेत. पाहणाऱ्याला काय वाटले आणि ते त्याने कोणाला कसे कळवले, हा भाग तसा दुर्लक्षितच आहे. शिवाय या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध गाव आपल्याच धनबाद डिव्हिजनमध्ये आहे. त्या गावाबद्दल पुढे येईलच.

सरकार विचारायला निघाले

प्रेक्षक मत देत होते ते सिनेमाच्या आधीपासून. संगीत नाटकांच्या काळात पद आवडले की "वन्स मोअर" आणि आवडले नाही तर पिटातून आरडाओरडा, हा रोकडा व्यवहार होता. नट समोर असल्यामुळे निकाल तिथल्या तिथे लागे. सिनेमा आला आणि अडचण झाली. पडद्यावरच्या सावलीला "वन्स मोअर" देऊन उपयोग नाही. टाळ्या, शिट्ट्या, पडद्यावर फेकलेली नाणी हे सारे थिएटरातच राहते, बनवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

प्रेक्षक काय पाहतात आणि त्यांना काय आवडते, याची आपल्या देशात पहिली मोठी चौकशी केली ती इंग्रज सरकारने. १९२७ साली दिवाण बहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमण्यात आली. हेतू फारसा निर्मळ नव्हता. अमेरिकन चित्रपटांनी हिंदुस्थानातली थिएटरे व्यापली होती आणि त्यामुळे साम्राज्याची प्रतिष्ठा कमी होते, अशी सरकारला काळजी होती. समितीने ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठवल्या. त्यातल्या जेमतेम ३२० परत आल्या. मग समिती स्वतः फिरली. मुंबई, लाहोर, कलकत्ता, मद्रास आणि थेट रंगूनपर्यंत मिळून ९,४०० मैलांचा प्रवास झाला आणि ३५३ साक्षी नोंदवल्या गेल्या. आपले दादासाहेब फाळके हेही साक्षीदारांपैकी एक होते.

१९२८ साली अहवाल आला आणि सरकारची निराशा झाली. इंग्रजी चित्रपटांना खास सवलत देण्याची कल्पना समितीने उचलून धरली नाही. देशी चित्रपटांना मदत करा, असे तिने सुचवले. सामान्य प्रेक्षकाला देशी चित्रपट आवडतात, हे त्या साक्षींतून पुढे आले होते. अहवाल अर्थातच बासनात गेला. पण साक्षीदारांची यादी पाहिली तर बहुतेक जण निर्माते, थिएटरमालक, अधिकारी, शिक्षक आणि पुढारी. चार आण्यांचे तिकीट काढून बाकावर बसणारा माणूस त्यात जवळजवळ नाही. त्याच्याबद्दल इतरांनी साक्ष दिली.

संपादक महाशयांस

त्या माणसाला स्वतः बोलण्याची सोय करून दिली मासिकांनी. १९३५ साली मुंबईत बाबूराव पटेल यांनी 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक सुरू केले. त्यातली परीक्षणे जहाल असत, पण अनेक वाचक आधी उघडत ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांची पाने. लहानमोठ्या गावांतून पत्रे येत. अमुक नटीचे लग्न झाले का, तमुक चित्रपट इतका वाईट का काढला, असे प्रश्न आणि त्यावर बाबूरावांची तिरकस उत्तरे. उत्तरात बहुधा टोमणाच मिळायचा. तरी लोक लिहीत राहिले, कारण आपले नाव आणि आपल्या गावाचे नाव छापून येई. १९६७ साली बाबूराव मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेवर निवडून गेले. वाचकांशी इतकी वर्षे बोलत आलेल्या माणसाला मतदारांशी बोलणे काही जड गेले नसावे.

पुढची पायरी 'फिल्मफेअर'ने गाठली. हे पाक्षिक १९५२ साली निघाले आणि १९५४ साली त्यांनी पुरस्कार सुरू केले. विजेते ठरवण्यासाठी वाचकांची मते मागवली आणि २० हजारांहून अधिक वाचकांनी ती पाठवली. पहिल्या वर्षी फक्त पाच पुरस्कार होते. 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट, बिमल रॉय दिग्दर्शक, 'दाग'साठी दिलीपकुमार, 'बैजू बावरा'साठी मीनाकुमारी आणि नौशाद.

याच १९५४ साली सरकारनेही राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. 'दो बिघा जमीन'ला त्यात गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. मराठी माणूस म्हणून आपल्याला सुवर्णपदकाचा अभिमान आहेच, आणि तो असावाही. पण इतिहास म्हणून पाहताना त्या वर्षीची जोडी लक्षात घेण्यासारखी आहे. एकाच वर्षी एका ठिकाणी तज्ज्ञांनी निवड केली आणि दुसऱ्या ठिकाणी पत्रे पाठवणाऱ्यांनी. दोन्ही निवडी काळाच्या कसोटीला उतरल्या. सामान्यांच्या हाती निवड दिली की ती उथळच होते, हे म्हणणे त्या वर्षापुरते तरी खोटे ठरले.

अभ्रकाचे गाव आणि फर्माईश

आता आपल्या डिव्हिजनकडे वळू. ग्रँड कॉर्डवर धनबादहून गयेकडे निघाले की कोडरमा लागते. तिथून गुझंडी ते गुरपा हा घाट उतरून गाडी मैदानात येते. कोडरमा स्टेशन ज्या गावात आहे त्याचे नाव झुमरी तलैया. एके काळी साऱ्या देशात लोकांना वाटे की हे नाव रेडिओवाल्यांनी गमतीने बनवले आहे. असे गाव खरोखर आहे, हे सांगितले तरी पटत नसे. आपल्यापैकी काहींनाही इथे बदली होईपर्यंत ते पटले नव्हते.

हे गाव प्रसिद्ध कसे झाले ते समजण्यासाठी आधी एका मराठी मंत्र्यांचे नाव घ्यावे लागते. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताबद्दल त्यांना मनापासून आस्था होती आणि चित्रपटगीतांबद्दल तितकीच नावड. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. शास्त्रीय गायक-वादकांना त्यामुळे मोठा आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. पण श्रोत्यांना काय हवे आहे ते विचारायची गरज कोणाला वाटली नाही. श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही की निवेदन दिले नाही. त्यांनी फक्त रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावले.

डिसेंबर १९५२ मध्ये सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठ वाजता. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचे होते. लिहिणे, निवेदन करणे आणि आलेली पत्रे तपासणे या सगळ्याचे त्यांना आठवड्याला २५ रुपये मिळत. सुरुवातीला स्पर्धा अशी होती की सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी ती काळाच्या क्रमाने लावून पाठवायची. बक्षीस १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे आठवड्याला ६५ हजारांपर्यंत आकडा गेला, असे सयानी अनेक वेळा सांगत. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाले, तेव्हा स्पर्धा बंद करून गाण्यांना लोकप्रियतेनुसार क्रमांक देण्याची पद्धत आली. क्रमांक ठरवताना रेकॉर्डच्या खपाबरोबरच गावोगावच्या श्रोता संघांचा कौलही घेतला जाई. एखाद्या तालुक्याच्या गावातले पाचपंचवीस रेडिओवेडे एकत्र येऊन रीतसर संघ काढीत, अध्यक्ष-सचिव नेमीत आणि आपला निर्णय पत्राने कळवीत.

या काळात झुमरी तलैयातून फर्माईशींची पत्रे थप्प्यांनी जाऊ लागली. रेडिओ सिलोनला जात, नंतर विविध भारतीला जात. त्यामागे एक कारण सांपत्तिक होते. कोडरम्याचा अभ्रक जगभर जात असे. खाणमालक आणि व्यापारी यांच्याकडे पैसा होता, घरी रेडिओ होता आणि संध्याकाळी गावात दुसरी करमणूक फारशी नव्हती. कोणी छापील पोस्टकार्डे करून घेतली. एकेका कार्डावर आपले, बायकोमुलांचे, मित्रांचे अशी पाचदहा नावे. कोणाचे नाव जास्त वेळा रेडिओवर येते याची चुरस लागली. दुसऱ्याची पत्रे पोस्टातच अडकावीत म्हणून खटपटी झाल्याचे किस्सेही जुने लोक सांगतात.

यात एक गोष्ट माझ्या इंजिनिअरच्या नजरेला फार मौजेची वाटते. अभ्रक विजेला अडवतो आणि उष्णता सोसतो. जुन्या डीसी ट्रॅक्शन मोटरच्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांच्या मधे अभ्रकच असतो, हे आपल्या शेडमधल्या मंडळींना सांगायला नको. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हमध्येही आतले भाग जागेवर धरून ठेवायला अभ्रकाच्याच चकत्या असत. म्हणजे देशभरच्या ज्या रेडिओंतून झुमरी तलैयाचे नाव ऐकू येत होते, त्यांतल्या कित्येकांच्या पोटात कोडरम्याचाच अभ्रक असणार.

'गीतमाला' सिलोनवरून प्रसारित होत असली तरी ती ध्वनिमुद्रित होई मुंबईत, आणि टेप विमानाने कोलंबोला जात. म्हणून पत्रेही मुंबईला जात. ती आपल्याच ग्रँड कॉर्डवरून गयेकडे जात असणार. प्रयागराज मार्गे जाणाऱ्या ज्या मुंबई मेलने आपण सुटीत गावी जातो, तिचाही रस्ता हाच.

दिल्लीत ठरलेले धोरण असे पोस्टकार्डांनी हळूहळू वाकवले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि चित्रपटगीते सन्मानाने परत आली. आकाशवाणीवरच्या 'आपली आवड' कार्यक्रमात मराठी गाण्यांची फर्माईश करणारी पत्रे वर्षानुवर्षे वाचली जात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला रात्री खरखरत्या मिडियम वेव्हवर आपले आडनाव ऐकू येणे म्हणजे काय, ते ज्यांनी अनुभवले त्यांनाच कळेल.

दादामुनींना पत्र

टीव्हीच्या जमान्यात या पत्रांना वेगळे वळण लागले. त्याची सुरुवातही एका मराठी मंत्र्यांपासून होते. वर्ध्याचे खासदार वसंतराव साठे माहिती व नभोवाणी मंत्री होते. मेक्सिकोमध्ये कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून मांडतात आणि लोक ते आवडीने पाहतात, हे त्यांनी तिथे जाऊन पाहिले. त्या धर्तीवर ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. लेखक मनोहर श्याम जोशी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार, म्हणजे दादामुनी, येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत.

डिसेंबर १९८५ मध्ये मालिका संपेपर्यंत सुमारे चार लाख पत्रे आली. त्यांत नुसती वाहवा नव्हती. बडकीचे लग्न लावून द्या, नन्हेला सुधारा, बसेसरची दारू सोडवा, अशा सूचना होत्या. स्वतःच्या घरातल्या अडचणी सांगून सल्ला मागणारे लोक होते. जणू ते कुटुंब पलीकडच्या क्वार्टरमध्येच राहत होते.

या पत्रांचा आणि प्रेक्षकांचा पुढे अभ्यासकांनी अभ्यास केला, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. मालिकेतली आई भागवंती सगळे निमूट सोसते. करणाऱ्यांचा हेतू असा की तिला पाहून बायकांनी म्हणावे, असे सोसू नये. प्रत्यक्षात अनेक बायकांना भागवंतीच आदर्श वाटली. लेखकाने धडा एक दिला आणि प्रेक्षक घरी दुसराच घेऊन गेले. ही गोष्ट कळली ती प्रेक्षकांनी मोकळेपणाने सांगितल्यामुळे. मालिका किती लोकांनी पाहिली, एवढेच मोजले असते तर हे कधीच कळले नसते. प्रेक्षकाचे साधे मत का जपायचे, याचे याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

झाडू खाली ठेवला तेव्हा

२५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' सुरू झाले आणि रविवारची सकाळ सामसूम झाली. स्टेशनवर टीव्ही असेल तिथे गाड्या थांबवून ठेवल्याच्या बातम्याही त्या काळी छापून आल्या. गाडी थांबवली की कंट्रोलला काय काय उत्तरे द्यावी लागतात ते आपल्याला ठाऊक असल्याने, त्या बातम्यांत तिखटमीठ किती होते याचा अंदाज वाचकांनीच करावा. मालिका ५२ भागांची ठरली होती, ती लोकांच्या मागणीमुळे ७८ भागांची झाली आणि ३१ जुलै १९८८ रोजी रामराज्याभिषेकानंतर संपली.

ती तिथे संपणार म्हटल्यावर एक मत असे पुढे आले, की जे पत्राने आले नाही. पंजाबात आणि उत्तर भारतातल्या इतर शहरांत वाल्मीकी समाजाच्या सफाई कामगारांनी संप केला. त्यांची मागणी होती की लव-कुशाचा भागही दाखवा. जालंधरसारख्या शहरात कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती निर्माण झाली. शेवटी सरकारने मान्य केले आणि रामानंद सागर यांनी उत्तर रामायण काढले. ते १९८८ च्या ऑक्टोबरपासून दाखवले गेले.

टीव्हीच्या वेडाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग हसून सांगतात. तो तसा नाही. ज्या महर्षींना तो समाज आपले मूळपुरुष मानतो, ते वाल्मीकी कथेत स्वतः पात्र म्हणून ठळकपणे येतात ते याच भागात. सीतेला आश्रय देणारे, तिच्या मुलांना शिकवणारे ते ऋषी वगळून मालिका संपली असती, तर रोज शहर झाडणाऱ्यांना वाटले असते की गोष्टीतूनही आपल्याला झाडून काढले. "आम्हाला पुढचा भाग बघायचा आहे" या साध्या वाक्यामागे इतके असू शकते. २०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून 'रामायण' पुन्हा दाखवले गेले आणि त्यानंतर उत्तर रामायणही लागले. बत्तीस वर्षांपूर्वी तो भाग कोणामुळे तयार झाला, हे घरोघर पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

पंधरा पैशांचे कार्ड

१९९० च्या दशकातली 'सुरभी' आपल्या वयाच्या सर्वांना आठवत असेल. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे. कोठला किल्ला, कोठली कला, कोठला सण, हे सारे दाखवून शेवटी प्रश्न विचारायचा आणि उत्तर पोस्टकार्डावर मागवायचे. एका आठवड्यात १४ लाखांहून अधिक पत्रे आल्याची नोंद झाली. टपालाच्या गाड्या भरून पोती येत. उत्तराबरोबर लोक चार ओळी जास्तीच्या लिहीत. आमच्या गावातही असे मंदिर आहे, ते दाखवा. आमच्याकडे हा सण असा करतात.

पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळे आणि प्रत्येक कार्डामागे टपालखात्याला तोटा होई. लाखांनी कार्डे येऊ लागल्यावर खात्याने स्पर्धांसाठी वेगळे कार्ड काढले, किंमत २ रुपये. प्रेक्षकांच्या उत्साहापायी सरकारला नवा टपालप्रकार काढावा लागला, असे क्वचितच घडते.

अंगठ्याचा जमाना

मग मोबाइल आला. २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले आणि मार्च २००५ मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत एसएमएसच्या मतांवर विजयी झाला. त्या वेळी देशात जिथे जिथे मराठी माणूस होता तिथून एसएमएस गेले. आता कार्ड आणायला पोस्टात जायचे नव्हते की चार ओळी लिहायच्या नव्हत्या. नाव लिहा आणि पाठवा.

या सोयीचे दुसरे टोक २००७ साली उत्तर बंगालमध्ये दिसले. कोलकाता पोलिसांत शिपाई असलेला दार्जिलिंगचा प्रशांत तामांग तिसऱ्या पर्वात अंतिम फेरीत पोहोचला. समोर शिलाँगचा अमित पॉल. दार्जिलिंगच्या डोंगरात गावोगाव वर्गण्या जमल्या, मतदानासाठी फोनची सोय केली गेली. २३ सप्टेंबरला तामांग जिंकला. त्यानंतर दिल्लीतल्या एका रेडिओ निवेदकाने गोरखा समाजाबद्दल हिणकस शेरा मारला. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाला हिंसक वळण लागले आणि संचारबंदी लावावी लागली. पुढच्याच महिन्यात गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना झाली. गाण्याच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र आलेले लोक राजकीय मागणीसाठी एकत्र राहिले.

इथेही मूळ गोष्ट तीच आहे. झुमरी तलैयाच्या व्यापाऱ्याला आपले नाव ऐकायचे होते, जालंधरच्या कामगाराला आपले ऋषी पाहायचे होते, दार्जिलिंगच्या लोकांना आपला मुलगा जिंकलेला पाहायचा होता. "आम्हीही आहोत" हे प्रत्येकाला सांगायचे होते. ते सांगायला लोकांनी गाणे, मालिका, स्पर्धा असे जे हाताला लागले ते वापरले. त्यांची टिंगल केली की काय होते, ते सिलिगुडीने दाखवले.

न विचारता मोजणे

आज मत घेण्याची सर्वांत ताकदवान पद्धत अशी आहे की ज्यात कोणाला काही विचारतच नाहीत. निवडक घरांतल्या टीव्हीला यंत्र लावायचे आणि कोणता चॅनेल किती वेळ चालू होता ते मोजायचे. २०१५ पासून हे काम 'बार्क' ही संस्था करते. २०२० च्या तिच्या अंदाजानुसार देशात २१ कोटी घरांत टीव्ही होता आणि यंत्रे होती ती पन्नास हजारांच्या आसपास घरांत. नमुना योग्य निवडला तर थोड्या घरांवरूनही अंदाज बरोबर येतो. हे शास्त्र खरे आहे, रुळांची तपासणीही काही प्रमाणात याच तत्त्वावर चालते. पण घरे थोडी असली की त्यांच्यापर्यंत पोहोचून आकडे फिरवण्याचा मोहही होतो. २०२० साली अशा आरोपांवरून मुंबईत गुन्हा नोंदवला गेला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत जाहीर होणे थांबले.

यंत्राची मर्यादा याहून मोठी आहे. ते सांगते की टीव्ही चालू होता. पाहणारी बाई भागवंतीसाठी रडत होती, तिच्यावर चिडली होती, की टीव्ही चालू ठेवून भाजी निवडत होती, हे यंत्राला कळत नाही. ते पत्रातच कळे.

दुर्दैव असे की ती पत्रे बहुतेक उरली नाहीत. लाखो कार्डे रद्दीत गेली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या आवाजाच्या ध्वनिफिती सर्वत्र वाजल्या. त्या आवाजाला दर आठवड्याला उत्तर लिहिणाऱ्यांचे शब्द मात्र वाजवायला शिल्लक नव्हते. साऱ्या देशाची दीडदोन पिढ्यांची आवडनिवड, त्यांचे हस्ताक्षर, त्यांच्या गावांची नावे, सगळे गेले. राजांची बखर राहते, कारण ती कोणीतरी सांभाळून ठेवतो. कोडरम्याच्या फर्माईशीची बखर कोणी ठेवली नाही.

म्हणून शेवटी एक सूचना. आपल्या उत्सवात दरवर्षी नाटुकले होते, गाण्याचा कार्यक्रम होतो, एखादा मराठी चित्रपट दाखवला जातो. त्यावर मंडपाच्या दाराशी जी चर्चा होते ती दुसऱ्या दिवशी विरून जाते. यंदापासून मंडपात एक अभिप्राय वही ठेवावी. "छान झाले" एवढ्यावर न थांबता काय आवडले, काय आवडले नाही ते दोन ओळीत लिहावे आणि खाली नाव, क्वार्टर नंबर व मूळ गाव घालावे. लहान मुलांनी तर अवश्य लिहावे, मराठी कच्चे असले तरी. बदल्या होतात, निवृत्त्या होतात, माणसे पांगतात. वही मंडळाच्या कपाटात राहील. पन्नास वर्षांनी कोणी उघडली तर त्याला कळेल की महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कोळशाच्या या मुलखात काही मराठी कुटुंबे होती, आणि त्यांना अमुक गाणे फार आवडले होते.

गणपती बाप्पा मोरया!